हीटर रात्रभर मंद ठेवायचा की मधे बंद करायचा? (बिल पाहून घाम फुटला, तेवढीच काय ती ऊब)

काकडलेली | शनिवार, रात्री १०:४७

काल विजेचं बिल आलं आणि या हिवाळ्यात मला पहिल्यांदा घाम फुटला. आधीच्या महिन्याच्या जवळजवळ दुप्पट.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई (वय ७८) आणि सात वर्षांचा लेक. सासूबाईंची खोली कोपऱ्यातली, दोन भिंती बाहेरच्या, त्यामुळे गारठा तिथे मुक्कामालाच असतो. लेकही आजीजवळच झोपतो. त्या खोलीत २००० वॅटचा ब्लोअर आहे. रात्री दहाला लावतो तो सकाळी सातला बंद.

यावरून घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, हीटर मंद ठेवून रात्रभर चालूच ठेवायचा. बंद केला तर गार पडलेली खोली पुन्हा तापवायला उलट जास्त वीज जाते. मी म्हणते, बंद आहे तेवढा वेळ मीटर फिरतच नाही, मग जास्त जाईल कशी? त्यावर त्याचा दाखला तयार असतो: गाडी एकाच वेगात चालवली की पेट्रोल कमी लागतं, तसंच आहे हे. मला उत्तर सुचत नाही, पण पटतही नाही.

शिवाय तेलाचा हीटर घेतला तर बिल कमी येतं म्हणतात, ते खरं का? आणि कृपया 'स्वेटर घाला' सांगू नका. सासूबाई दोन घालतात.

---

खिडकीतला_बोका | शनिवार, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हेच दोन पक्ष आहेत आणि मी तुमच्या यजमानांच्या पक्षातला आहे.

---

मोजपट्टी | रविवार, सकाळी ७:३०

बोकोबा, पक्ष बदला. ताईंचं बरोबर आहे.

गाडी थांबवताना तिचा वेग ब्रेक खाऊन टाकतो, म्हणून पुन्हा वेग घ्यायला पेट्रोल जास्त लागतं. घराला ब्रेक नसतो. घर म्हणजे अंगावर खालपासून वरपर्यंत भोकं असलेली बादली. पाणी जेवढं वर, तेवढ्या जास्त भोकांतून जास्त जोराने गळणार. रात्रभर बादली काठोकाठ ठेवायची म्हणजे रात्रभर ती मोठी गळती भरत बसायचं. मधे पातळी उतरू दिली तर तेवढा वेळ गळती कमी. पहाटे पुन्हा जे ओताल ते रात्री न ओतलेलंच पाणी असतं, वरचा एक थेंबही जास्त नाही. आसपासच्या मानाने वस्तू जितकी गरम तितकी ती झपाट्याने निवते, हे न्यूटनने १७०१ साली लिहून ठेवलंय. घरातल्या भांडणात त्याला बोलवायला हरकत नाही.

याला अपवाद आहेत. रात्रीच्या युनिटचा दर वेगळा असेल तर गणित बदलतं. हीट पंप असेल तरीही बदलतं, त्याबद्दल कोणी विचारलं तर सांगेन.

आता हीटर. ब्लोअर घ्या, तेलाचा घ्या, सळईचा घ्या, पळसाला पानं तीनच. एक युनिट वीज आत गेली की एक युनिट उष्णता बाहेर पडते, कमी नाही की जास्त नाही. 'ऊर्जा वाचवणारा हीटर' अशी जाहिरात दिसली की पुढे चला. फरक असतो तो ऊब पोचवण्याच्या तऱ्हेत. ब्लोअर हवा तापवतो. लवकर ऊब देतो, बंद केला की लवकर संपतो. तेलाचा हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो, आवाज करत नाही, झोपायच्या खोलीला बरा. लाल होणारी सळई हवेच्या नादी न लागता उन्हासारखी थेट अंगावर येते, त्यामुळे मोठ्या खोलीत एकटा माणूस एका जागी बसणार असेल तर स्वस्त पडते. बिलावर मात्र किती वॅट आणि किती तास, एवढंच उमटतं.

२००० वॅट म्हणजे अर्ध्या तासाला एक युनिट. नऊ तास न थांबता चालला तर १८ युनिट. पण तुमचा थर्मोस्टॅटवर मधे मधे थांबत असणार, म्हणून अंदाज नको. रात्री दहाला आणि सकाळी सातला मीटरचं रीडिंग लिहा. खोलीत एक साधा तापमापक ठेवा. बाहेरचं तापमानही टिपा. मग बोलू.

---

सुईदोरा | रविवार, सकाळी ९:१२

मोजपट्टी, मोजा तुम्ही. पण त्याआधी वारा कुठून येतो ते बघू द्या की तिला. खोलीला फटी असतील तर कुठलाही हीटर आणला तरी आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

अगं, टिश्यूपेपर घे. त्याचा एक पदर सोडव, नेहमी दोन-तीन चिकटलेले असतात. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी फाड. बाहेर वारा असेल अशा वेळी पंखा, हीटर सगळं बंद कर आणि ती पट्टी दोन बोटांत वरच्या टोकाला धरून खोलीभर फिर. दाराच्या खाली, सरकत्या खिडकीच्या दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे, चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात, एसीची नळी बाहेर जाते त्या भोकाशी, एक्झॉस्टच्या पंख्याशी. आणि हो, बाहेरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाशी. हे कोणाच्या डोक्यातच येत नाही, पण भिंतीतल्या पाइपातून वारा बोर्डातून आत येतो. (बोर्ड उघडायचा नाही. नुसती पट्टी धरायची. बंद करायचं काम वायरमनचं.)

पट्टी हलली की तिथे पेन्सिलीने फुली मार. आमच्या दोन खोल्यांत चौदा फुल्या निघाल्या होत्या. भिंत शाळेच्या वहीसारखी दिसायला लागली.

---

तिसरा_मजला | रविवार, दुपारी १:४०

वाचतोय. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठीही सांगा काही. आमच्याकडे गॅसचा बॉयलर आणि भिंतीला रेडिएटर आहेत. खिडक्या एकेरी काचेच्या, आणि मालक दुहेरी काच बसवून देणं शक्य नाही. एक रेडिएटर तर वरच्या अर्ध्या भागात थंडच असतो.

---

मोजपट्टी | रविवार, दुपारी २:२५

वर थंड आणि खाली गरम म्हणजे आत हवा अडकलीय. रेडिएटर बंद करून निवू द्या. वरच्या कोपऱ्यात चौकोनी खिट्टी असते, तिची किल्ली मिळते. खाली फडकं धरून किल्ली पाव फेरा फिरवा; आधी फुस्स आवाज येईल, मग पाणी. पाणी आलं की बंद. नंतर बॉयलरवरचा दाब तपासा, कमी झाला असेल तर पाणी भरावं लागेल. याच्या उलट, खाली गार आणि वर गरम असेल तर आत गाळ बसलाय. ते काम माणसाला बोलावूनच करायचं.

बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा असेल तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान किती लावलंय ते बघा. बरेचदा ७५-८० वर असतं. परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असलं तरच धुरातली वाफ आतच निवून तिची उष्णता तुम्हाला मिळते, नाहीतर ती धुराड्यातून उडून जाते. ६० वर आणून बघा. रेडिएटर हाताला कमी गरम लागतील, घर तापायला वेळही जास्त लागेल, पण गॅस कमी जाईल. गरम पाण्याची साठवण टाकी असेल तर मात्र ती ६० च्या खाली नेऊ नका, कोमट साठ्यात लीजिओनेला जिवाणू वाढतो. ही दोन बटणं वेगळी असतात, घोळ करू नका.

आणि रेडिएटरसमोर सोफा ठेवला असेल तर आधी तो हलवा. पडदाही रेडिएटरच्या वरच संपला पाहिजे. त्याच्यावरून जमिनीपर्यंत लोंबत असेल तर तुम्ही खोली सोडून काच तापवताय.

---

सुईदोरा | रविवार, दुपारी ३:०२

एकेरी काचेला एक स्वस्तातला उपाय. खिडकीच्या चौकटीला चारही बाजूंनी दुहेरी चिकटपट्टी लावून वर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद ताणायचा आणि केस वाळवायच्या यंत्राने त्यावर गरम हवा मारायची. आकसून काचेसारखा तंग होतो. काच आणि कागद यांच्यात अडकलेली हवा हेच पांघरूण. सीझन संपला की काढून टाकायचं, मालकाला कळतही नाही. फक्त ती खिडकी हिवाळाभर उघडता येत नाही, म्हणून खोलीतली एक तरी खिडकी मोकळी ठेव.

---

मोजपट्टी | रविवार, दुपारी ३:२०

आकडा हवाच असेल तर: एकेरी काचेतून दर चौरस मीटरमागे, आतबाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकाला, साधारण ५.८ वॅट जातात. साध्या दुहेरी काचेतून २.८ च्या आसपास. दोन चौरस मीटरची खिडकी आणि १५ अंशांचा फरक धरला तर १७४ वॅट विरुद्ध ८४. घट्ट बसवलेला प्लास्टिकचा कागद दुहेरी काचेच्या बराच जवळ जातो.

---

अनुभवाचे_बोल | रविवार, संध्याकाळी ६:१५

एवढं सगळं कशाला? चार मेणबत्त्या लावा, वर मातीची कुंडी पालथी घाला. कुंडी तापते आणि अख्खी खोली गरम करते. बिल शून्य. व्हिडिओ आहेत, बघा.

---

खिडकीतला_बोका | रविवार, संध्याकाळी ६:२१

कुंडीत झाड ठेवायचं की नाही?

---

मोजपट्टी | रविवार, संध्याकाळी ६:४०

एक मेणबत्ती शंभर वॅटच्या आतबाहेरच उष्णता देते. नुसता बसलेला माणूसही साधारण शंभर वॅट देतो. म्हणजे चार मेणबत्त्यांऐवजी चार पाहुणे बोलवा. कुंडी त्यात स्वतःचं काही घालत नाही, मिळालेली उष्णता फक्त थोडा वेळ धरून ठेवते.

---

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ४:५०

मी रुग्णालयात काम करते, आत्ता ड्यूटीवरच आहे. थट्टा बाजूला ठेवून लिहिते.

जवळजवळ ठेवलेल्या मेणबत्त्यांचं मेण एकदम पेट घेऊ शकतं. पण त्याहून मोठी भीती आहे ती कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत वापरणाऱ्यांची. अपुऱ्या हवेत काहीही जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो. माणूस झोपलेला असेल तर झोपेतच जातो. कोळसा विझत आला म्हणजे धोका टळला, असं अजिबात नाही. धुमसणारा निखाराच जास्त सोडतो.

घरातल्या दोघातिघांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तर ते सर्दीपडसं समजू नका. सगळ्यांनी लगेच बाहेर पडा आणि मदत बोलवा. घरात काहीही जळत असेल, बॉयलरसुद्धा, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

विजेचा हीटरही पडदा, पांघरूण, कपडे यांपासून निदान एक मीटर लांब. त्याच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. एक्स्टेंशन बोर्डावर लावायचा नाही, प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटात. प्लग हाताला गरम लागला तर सॉकेट बदलून घ्या.

काकडलेली, तुमच्या सासूबाईंच्या खोलीत तापमान किती असतं?

---

काकडलेली | सोमवार, रात्री १०:३०

रात्रपाळीताई, काल तापमापक आणून ठेवला. रात्री २० असतं. बाहेर सरासरी ५ होतं.

आता आकडे. दहा ते सात, १२.१ युनिट. एका रात्रीत! नवरा रीडिंग घ्यायला स्वतः गेला आणि परत येऊन काही बोललाच नाही. दुपारी घरात कोणी नव्हतं, हीटर बंद, गिझर बंद, तेव्हा पाच तासांत ०.६ युनिट गेलं. ते फ्रिज, राउटर वगैरेंचं असणार.

मग टिश्यूची पट्टी. सुईदोराताई, तुमच्या पाया पडते. दाराखालून येत असेल असं वाटलं होतं, तिथे तर पट्टी जेमतेम हलली. खिडकीच्या वर गुंडाळी शटरची लाकडी पेटी आहे. पलंगावर उभी राहून पट्टी पेटीच्या खालच्या कडेला नेली, तर ती आडवी झाली आणि तशीच फडफडत राहिली. हात लावला तर बोटांना गार झुळूक. पेटीचं झाकण एका बाजूला बोटभर सुटलेलं होतं. नऊ वर्षं राहतोय या घरात! आणि त्या फटीच्या बरोबर खाली सासूबाईंची उशी.

त्या रोज म्हणायच्या, "डोक्यावरून कोणीतरी वारा घालतंय." आम्हाला वाटायचं, वय झालं.

---

सुईदोरा | सोमवार, रात्री १०:४१

शटरपेटी! तिच्या आत बाहेरचीच हवा असते गं. झाकणाला आतून फोमची पट्टी लाव आणि स्क्रू आवळून घे. पेटीत शटरची गुंडाळी फिरायला जागा ठेवून उरलेल्या बाजूला फोमचा तक्ता बसतो का बघ. सरकत्या झडपांना ब्रशची पट्टी मिळते, ती लाव. दाराखाली जुन्या जीन्सच्या एका पायात चिंध्या भरून दोन्ही टोकं शिवून ठेवून दे, आमच्याकडे त्याला 'अजगर' म्हणतात. पडदे जाड कर, रात्री ओढ, पण दिवसा ऊन येत असेल तर सताड उघड. ऊन फुकट असतं.

आणि फरशीवर सतरंजी अंथर. फरशी आणि सतरंजी एकाच तापमानाला असतात, पण फरशी पायातली ऊब झटकन ओढून घेते.

---

मोजपट्टी | सोमवार, रात्री ११:१०

१२.१ मधून नऊ तासांचे इतर १.१ वजा केले, म्हणजे हीटरचे ११. हा आकडा लिहून ठेवा.

---

खिडकीतला_बोका | मंगळवार, सकाळी ८:१५

पक्षांतर केलं. घरी कळवलेलं नाही. पण एक प्रश्न आहे: आमच्या एसीला 'हॉट' मोड आहे. उन्हाळ्यात एसीनेच बिल फुगतं म्हणून हिवाळ्यात आम्ही त्याला हात लावत नाही, छोटा हीटर वापरतो. बरोबर ना?

---

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ९:३०

नाही हो! हा तर धाग्यातला सगळ्यात महाग प्रश्न निघाला.

तुमचा एसी म्हणजे हीट पंप. हीटर विजेची उष्णता करतो. हीट पंप उष्णता तयार करत बसत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, आणि वीज फक्त त्या हमालीची. बाहेर ५ अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच. बाहेरची कॉइल त्याहून गार ठेवली की ती कॉइलमध्ये येते. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. बाहेर सौम्य असेल तर त्याहून जास्त, कडाका वाढेल तशी कमी, पण सहसा साध्या हीटरच्या वरच. ही कल्पना लॉर्ड केल्विनने १८५२ मध्ये मांडली होती आणि आपण अजून भिंतीवर टांगून त्याच्याखाली ब्लोअर लावतो.

फिल्टर धुवा. पंख्याची पाती जमिनीकडे वळवा, गरम हवा वरच राहते. ३० वर लावून खोली लवकर तापत नाही, हवं तेवढंच लावा. मधेच थांबून बाहेरच्या युनिटमधून वाफ आली तर घाबरू नका, कॉइलवर धरलेला बर्फ वितळवतोय. आणि याच्यापुरता तुमचा जुना पक्ष थोडा खरा आहे: याला सारखं चालू-बंद करण्यापेक्षा एका तापमानाला मंद चालू ठेवलेलं मानवतं. दिवसभर घराबाहेर असाल तर मात्र बंदच.

तुमचा फक्त गार करणारा नाही ना, एवढं रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे का बघून खात्री करा.

---

खिडकीतला_बोका | मंगळवार, सकाळी ९:३४

आहे. चार वर्षं मी त्याला 'उन्हाळा' समजत होतो.

---

काकडलेली | शुक्रवार, रात्री ९:५५

पेटीचं झाकण फोम लावून बसवलं, ब्रश लावले, अजगर शिवला (लेकाने त्याला डोळे काढले). जाड पडदा. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीला लावला. वारा थांबल्यावर सासूबाईंनाच २० वर उकडायला लागलं, म्हणून ब्लोअर १८ वर आणला.

काल रात्रीचे युनिट ६.३. नेहमीचे १.१ वजा केले की ५.२. अकरावरून पाचवर! निम्म्याहून कमी. मी नवऱ्याला कागदावर लिहून दाखवलं.

---

मोजपट्टी | शुक्रवार, रात्री १०:२०

काल बाहेर किती होतं?

---

काकडलेली | शुक्रवार, रात्री १०:२६

८. का?

---

मोजपट्टी | शुक्रवार, रात्री १०:४५

विरजण घालतो, रागवू नका. पहिल्या रात्री आत २० बाहेर ५, फरक १५. हीटरचे ११ युनिट, म्हणजे एका अंशाच्या फरकाला ०.७३. काल आत १८ बाहेर ८, फरक १०. त्यात ५.२, म्हणजे अंशाला ०.५२. फटी बुजवणं, पडदा वगैरेंचं श्रेय एवढंच: सुमारे २९ टक्के. बाकीची बचत थर्मोस्टॅट दोन अंश खाली आणल्याची आणि काल थंडी कमी होती त्याची. थंडी परत येईल.

तरीही एका दुपारच्या कामात २९ टक्के म्हणजे उत्तमच. बिलाची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करणारे लोक नेहमी इथेच फसतात. हवामान बदललेलं असतं आणि पाठ आपली थोपटतात.

---

काकडलेली | शुक्रवार, रात्री १०:५०

तुम्ही घरीही असेच आहात का?

---

मोजपट्टी | शुक्रवार, रात्री १०:५२

विचारून सांगतो.

---

ओली_भिंत | शनिवार, सकाळी १०:०५

माझं नाव बघून कळलंच असेल मी का आलेय ते. दोन वर्षांपूर्वी मीही सगळ्या फटी अशाच बुजवल्या. महिनाभरात कपाटामागे काळी बुरशी. फटीतून वारा येत होता तसा आतला दमटपणा बाहेरही जात होता, हे नंतर समजलं.

काकडलेली, सकाळी काचेवर पाणी धरतंय का? खोलीत कपडे वाळत घालता का?

---

काकडलेली | शनिवार, सकाळी ११:३०

दोन्हीला हो. आज खिडकीच्या खालच्या पट्टीत एवढं पाणी होतं की फडकं पिळावं लागलं. कपड्यांचा स्टँडही त्याच खोलीत असतो, तीच खोली गरम असते ना.

---

ओली_भिंत | शनिवार, दुपारी १२:१०

तिथेच गोम आहे. २० अंशांच्या हवेत आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरतं. अशा थंडीत एकेरी काच त्याच्या खाली जातेच, कपाटामागची भिंतही जाऊ शकते. आणि कपड्यांतलं पाणी वाळताना उष्णता खातं, लिटरमागे साधारण ०.७ युनिट, ती तुमच्याच हीटरची. म्हणजे पैसे घालून बुरशी पाळायची. स्टँड हवेशीर जागी हलवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. आर्द्रतामापक आणा, ४० ते ६० मधे ठेवा. आणि सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा.

---

खिडकीतला_बोका | शनिवार, दुपारी १२:१५

आत्ताच फटी बुजवल्या ना? आता खिडक्या उघडायच्या?

---

मोजपट्टी | शनिवार, दुपारी १२:५०

ओली_भिंत बरोबर सांगतायत. चार बाय तीनची, तीन मीटर उंच खोली धरा. तिच्यातली सगळी हवा दहा अंशांनी तापवायला ०.१२ युनिट लागतं, बस्स. खरी उष्णता भिंतीत, फरशीत, पलंगात साठलेली असते, ती पाच मिनिटांत जात नाही. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली की मात्र भिंतीच निवतात. फट २४ तास गळते आणि आपल्याला विचारून गळत नाही. खिडकी आपण बंद करू शकतो.

---

काकडलेली | मंगळवार, रात्री १०:१५

मूळ वादाचा निकाल लावायचा होता म्हणून काल प्रयोग केला. हीटर साडेबाराला बंद, साडेपाचला परत चालू. बाहेर ८ च होतं. पहाटेपर्यंत खोली १५.५ वर उतरली. हीटरचे युनिट ४.६. रात्रभर १८ वर ठेवला तेव्हा ५.२. म्हणजे मी जिंकले!

नवऱ्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "०.६ युनिटसाठी आईला पंधरावर ठेवलंस?"

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ५:२०

इथे मी तुमच्या यजमानांच्या बाजूने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये घरातलं किमान तापमान १८ अंश सांगितलंय, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं यांना त्याहून थोडं जास्तच लागू शकतं. थंडीत रक्तदाब वाढतो, दम्याचा त्रास वाढतो. शिवाय वयस्कर माणसाला आपण गार पडलोय हे वेळेवर जाणवतही नाही. त्या खोलीत काटकसर नको. ती तुमच्या झोपायच्या खोलीत करा.

अंथरूण वेगळं गरम करा. विजेचं ब्लँकेट १०० वॅटचं धरलं तर आठ तासांत ०.८ युनिट.

---

काकडलेली | बुधवार, सकाळी ९:४०

पटलं. त्यांच्या खोलीत १८, आमच्या खोलीत हीटर बंद. दोघांनी अर्धी अर्धी जिंकली असं ठरवलंय.

विजेच्या ब्लँकेटला सासूबाई तयार नाहीत. "विजेवर कोण झोपतं?" पिशवी चालेल म्हणतात, गरम पाण्याची.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी १०:०५

उत्तम. पण उकळतं पाणी घालू नका. दोन तृतीयांश भरा, उरलेली हवा दाबून काढा, मग बूच. पिशवीला कापडाची खोळ हवी. झोपायच्या आधी अर्धा तास अंथरुणात ठेवा आणि त्या पडल्या की काढून घ्या. मधुमेह असेल तर पायांना चटका लागलेला कळत नाही, तिथे विशेष सांभाळा. रबर चिरलं, चिकट झालं की फेकून द्या.

---

तिसरा_मजला | गुरुवार, रात्री ९:००

रेडिएटरची हवा काढली, फुस्स झालं, आता वरपर्यंत तापतो. बॉयलर ६० वर आणला. पहिल्या दिवशी बायको म्हणाली बिघडला. सोफा हलवला, त्याच्यामागे रिमोट सापडला, तीन मोजे सापडले.

गरम पाण्यावर कोणी काही बोललं नाही?

---

मोजपट्टी | गुरुवार, रात्री ९:३५

थोडक्यात: एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास. १५ लिटरचा गिझर १५ वरून ६० वर नेला की ०.८ युनिट. टबात १०० लिटर २५ अंशांनी तापवले तर २.९. बादली घ्या नाहीतर शॉवरखालची मिनिटं मोजा. टाकीचा गिझर विनाकारण दिवसभर चालू ठेवू नका.

---

काकडलेली | रविवार, दुपारी ४:२०

शेवटची एक अडचण. स्टँड हलवला, काचेवर आता फक्त खालच्या कोपऱ्यात पाणी दिसतं. आर्द्रता ५४. पण बाल्कनीच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात पट्टी अजून हलते. नवरा आता टिश्यूची पट्टी खिशात घेऊनच फिरतो, काल त्याच्या बहिणीकडेही काढली होती. तिथे रबर लावू की ब्रश?

---

सुईदोरा | रविवार, दुपारी ४:४५

थांब, काही लावू नकोस. फक्त वरच्याच कोपऱ्यात ना, कुलपाच्या बाजूला? दार उघडून कडी धरून वर उचलून बघ, हलतंय का.

---

काकडलेली | रविवार, दुपारी ५:०८

हलतंय. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू सुटलेत.

---

काकडलेली | रविवार, दुपारी ५:३१

आवळले. पट्टी सरळ खाली लोंबतेय.